अँटिव्हायरस आणि फायरवॉल : घरच्या संगणकासाठी काय घ्यावे आणि काय तपासावे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा लॅपटॉप घेतला की बिल करता करता दुकानदार हमखास विचारतो, “अँटिव्हायरस टाकून देऊ का?” एवढा मोठा खर्च झालेलाच असतो, त्यात आणखी काही रुपयांनी काय बिघडते असे वाटते, आणि आपण मान डोलावतो. विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ यांच्या काळात हे उत्तर बरोबर होते, कारण त्या यंत्रांत विषाणू ओळखणारा पुरेसा पूर्ण कार्यक्रम मुळात येतच नसे. विंडोज ८ पासून मात्र मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा संपूर्ण अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो. जाळ्यावरून येणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणारी फायरवॉल तर त्याहून जुनी आहे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती आपोआप चालू असते. म्हणून आज खरेदीचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे. यंत्रात जे आधीपासून आहे ते शाबूत आहे का आणि नीट चालू आहे का, हा पहिला प्रश्न आहे. मुंबईतल्या कितीतरी घरांत तो कोणीही कधीच विचारलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढील विवेचन मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहे. मॅक वापरणाऱ्यांनी एवढेच पाहावे की यंत्रणेची (ऑपरेटिंग सिस्टिमची) अद्ययावत आवृत्ती बसवलेली आहे आणि सिस्टिम सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागातली फायरवॉल चालू आहे, कारण मॅकमध्ये विषाणू ओळखणारी एक्सप्रोटेक्ट ही व्यवस्था अंगभूत असली तरी फायरवॉल पुष्कळदा बंदच असते.

सुरुवात विंडोजच्या वयापासून

कोणताही अँटिव्हायरस पसंत करण्यापूर्वी आपल्या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे हे पाहून घ्यावे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली, परंतु ती आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने त्यासाठी नोंदणी करावी लागते. येथे एक फसवी गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. विंडोज १० वरील डिफेंडरला नव्या विषाणूंची ओळख पटवून देणारी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असे कंपनीने जाहीर केले आहे. त्यामुळे डिफेंडरचे चिन्ह हिरवे दिसत राहील, रोज अपडेट आल्याचा संदेशही येईल, पण खुद्द विंडोजमध्ये सापडणारी नवी छिद्रे बुजवली जाणार नाहीत. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसलाही ही छिद्रे बुजवता येत नाहीत, कारण ती दुरुस्ती फक्त मायक्रोसॉफ्टच करू शकते.

ही भीती पुस्तकी नाही. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, विषाणूने विंडोजमधल्या ज्या छिद्राचा उपयोग केला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसवली त्यांच्या यंत्रांत त्या वाटेने विषाणू शिरला नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्यानेही तेच छिद्र वापरले, शिवाय एका यंत्रातून चोरलेले पासवर्ड घेऊन तो त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या यंत्रांत शिरत गेला, आणि मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर न्हावाशेवा बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. घरातला संगणक बंदराइतका महत्त्वाचा नसतो, पण असा विषाणू माणूस पाहून हल्ला करत नाही. उघडे दार दिसले की आत शिरतो.

म्हणून ज्या संगणकावर विंडोज ११ चालते, त्यावर ते घ्यावे. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असलेली यंत्रे त्यासाठी चालतात. त्याहून जुन्या यंत्रावर वाढीव मुदतीची नोंदणी करावी, किंवा ते फक्त इंटरनेट पाहण्यासाठी आणि पत्रे लिहिण्यासाठी लागत असेल तर त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत यंत्रणा बसवून घ्यावी. दुरुस्ती बंद झालेल्या विंडोजवर महागडा अँटिव्हायरस बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे.

चोरीच्या विंडोजबद्दलही येथेच स्पष्ट लिहायला हवे. जुने यंत्र फॉरमॅट करून देणारे पुष्कळ कारागीर परवान्याशिवायचे विंडोज बसवतात आणि ते चालू ठेवण्यासाठी ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचा छोटा कार्यक्रम चालवतात. डिफेंडर अशा कार्यक्रमाला पकडतो, म्हणून आधी डिफेंडर बंद केला जातो किंवा त्याला ठराविक फोल्डरकडे दुर्लक्ष करायला सांगितले जाते. काम झाल्यावर ही सवलत परत काढून घेण्याची आठवण फार थोड्यांना राहते.

जे आहे ते खरोखर चालू आहे का

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून ते पान उघडावे आणि त्यातल्या ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या विभागात जावे. तिथे सर्वांत आधी ‘मॅनेज सेटिंग्ज’ वर टिचकी मारून ‘रिअल टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टँपर प्रोटेक्शन’ ही बटणे चालू आहेत याची खात्री करावी. यातले शेवटचे बटण अनेकांना ठाऊक नसते. एखाद्या घातक कार्यक्रमाने गुपचूप डिफेंडर बंद करू नये, यासाठी ते असते.

त्याच पानावर खाली उतरत गेल्यास ‘एक्स्क्लुजन्स’ हा भाग येतो. घरी संगणक दाखवायला आलेल्या कोणालाही मी सर्वप्रथम हीच यादी उघडायला सांगतो. नव्या यंत्रात ती रिकामी असते. दुरुस्तीला जाऊन आलेल्या यंत्रात तिथे कधी ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर, कधी डेस्कटॉप, आणि काही वेळा चक्क अख्खा सी ड्राइव्ह नोंदवलेला आढळतो. याचा अर्थ असा की अँटिव्हायरस चालू आहे, चिन्ह हिरवे आहे, परंतु ज्या जागी विषाणू येऊन पडतो त्या जागेकडे पाहायचेच नाही असे त्याला कोणीतरी बजावून ठेवले आहे. आपण स्वतः विचारपूर्वक घातलेली नोंद नसेल तर ती काढून टाकावी आणि त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’ मधून ‘फुल स्कॅन’ करावा. जुन्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागू शकतात, म्हणून तो रात्री लावून ठेवावा.

दुसरी सोय ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या विभागात ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ या नावाखाली आहे. मोफत पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ डाउनलोडर यांच्यासोबत नकळत येणारी जाहिरातबाज साधने तिथल्या ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ या बटणाने अडवली जातात. ते आणि त्याखालचे डाउनलोड रोखणारे बटण, दोन्ही चालू करावीत.

तिसरी सोय खंडणीखोर विषाणूंसाठी आहे आणि ती मुळात बंद असते. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केल्यास डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमधल्या फाइल्स अनोळखी कार्यक्रमाला बदलता येत नाहीत. ही सोय डिफेंडर हाच मुख्य अँटिव्हायरस असेल तरच चालते. तिचा त्रासही होतो, हे आधीच सांगून ठेवतो. जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर किंवा हिशेबाचा एखादा जुना कार्यक्रम डॉक्युमेंट्समध्ये फाइल साठवू पाहतो आणि अडवला जातो. अशा वेळी संपूर्ण सोय बंद न करता ‘अलाऊ ॲन ॲप’ मधून तेवढ्याच कार्यक्रमाला परवानगी द्यावी. सोसायटीचे हिशेब, मुलांचे फोटो आणि घराची कागदपत्रे ज्या संगणकात आहेत, तिथे एवढा त्रास सोसावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे झाल्यावर अँटिव्हायरस जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी आयकार या संस्थेची चाचणी फाइल वापरता येते. ती केवळ ६८ अक्षरांची, पूर्णपणे निरुपद्रवी फाइल आहे आणि जवळजवळ सर्व अँटिव्हायरस तिला विषाणू समजून अडवायचे असे ठरलेले आहे. ती उतरवताच इशारा आला नाही, तर वरचे टप्पे पुन्हा तपासावेत.

नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच टाकलेला, एक महिना किंवा एक वर्ष मोफत चालणारा अँटिव्हायरस असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला झालेला असतो. मुदत संपल्यावर हा पाहुणा नुसता पैसे मागणारे संदेश दाखवत राहतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना वाटते की संगणकाला काहीतरी झाले आहे. विकत घ्यायचा नसेल तर मुदत संपण्याची वाट न पाहता तो ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ मधून काढून टाकावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि डिफेंडर परत चालू झाल्याची खात्री करून घ्यावी. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा देत असतील तर ते एकमेकांच्या कामात अडथळे आणतात आणि यंत्र मंदावते, त्यामुळे संरक्षण दुप्पट होईल या समजुतीने दोन कधीही ठेवू नयेत.

विकत घ्यायचा असेल तर

वरील गोष्टी केलेल्या, जपून वापरणाऱ्या घराला डिफेंडर पुरतो. तरीही काही घरांनी पैसे मोजावेत असे मला वाटते. घरातूनच छोटा व्यवसाय चालतो, अनोळखी लोकांकडून रोज बिले आणि जोडलेल्या फाइल्स येतात, एकाच संगणकावर घरातले चार जण बसतात, किंवा ज्येष्ठ आईवडील एकटे राहतात आणि अडचण आली तर मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलणारा कोणीतरी हवा असतो, अशा ठिकाणी विकतच्या अँटिव्हायरसचा उपयोग आहे. शेवटच्या कारणासाठी घेणार असाल तर घेण्याआधीच त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. कोणत्या भाषेत उत्तर मिळते आणि किती वेळ थांबावे लागते, हे एका फोनमध्ये कळते.

आपल्याकडे यात देशी पर्यायांची उणीव नाही. क्विक हील ही काटकर बंधूंनी पुण्यात उभी केलेली कंपनी आहे, ई-स्कॅन हे मुंबईतल्या मायक्रोवर्ल्डचे उत्पादन आहे, तर के-सेव्हन चेन्नईचे आहे. बिटडिफेंडर, ईसेट, नॉर्टन ही परदेशी नावेही दुकानांत सहज मिळतात. यांपैकी कोणता चांगला, याचे उत्तर जाहिरातीत किंवा एका मित्राच्या अनुभवात शोधू नये. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्हज या दोन संस्था वर्षभर या उत्पादनांच्या चाचण्या घेतात आणि निकाल आपल्या संकेतस्थळांवर मोफत देतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. एकूण बेरीज पाहून थांबू नये. आपले यंत्र ४ जीबी रॅमचे आणि जुन्या हार्ड डिस्कचे असेल तर वेगाचे गुण आपल्यासाठी निर्णायक असतात, कारण यंत्र अतोनात मंद झाले की घरातले कोणीतरी अँटिव्हायरसच बंद करून टाकते. सुलभतेच्या गुणांत, निर्दोष फाइलला विषाणू ठरवण्याच्या चुका मोजलेल्या असतात, त्याही महत्त्वाच्या आहेत. एकाच फेरीचा निकाल न धरता लागोपाठच्या तीनचार फेऱ्या पाहाव्यात, आणि त्याच तक्त्यात डिफेंडरला किती गुण मिळाले आहेत तेही शेजारी ठेवून पाहावे. फरक नगण्य असेल तर पैसे वाचवावेत.

मोफत मिळणाऱ्या बाहेरच्या अँटिव्हायरसबाबत मी सावध आहे. अँटिव्हायरसला आपल्या यंत्रातली प्रत्येक फाइल आणि आपण उघडलेले प्रत्येक संकेतस्थळ दिसू शकते, एवढा अधिकार आपण त्याला दिलेला असतो. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली होती, परंतु मोफत साधनाचा खर्च कोठून निघतो हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. डिफेंडर असताना दुसऱ्या मोफत साधनाची गरजच उरत नाही, हे माझे त्यावरचे उत्तर आहे.

हा अधिकार यंत्रणेच्या किती खोलवर असतो, ते १९ जुलै २०२४ रोजी सर्वांना दिसले. मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा कार्यक्रमाचे एक सदोष अपडेट गेले आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते उत्पादन घरगुती नव्हते. तरीही, यंत्रणेच्या इतक्या आत शिरणारा कार्यक्रम अनोळखी नावाच्या कंपनीकडून किंवा इंटरनेटवरच्या जाहिरातीतून कधीही घेऊ नये, एवढे त्यावरून कळायला हवे.

खरेदीच्या व्यवहारात काही गोष्टी सांभाळाव्यात. खोक्यावरची छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत फार मोठे अंतर असते, म्हणून दुकान, कंपनीचे संकेतस्थळ आणि ऑनलाइन बाजार अशा तिन्ही ठिकाणी भाव पाहूनच घ्यावे. परवाना किती यंत्रांसाठी आणि किती वर्षांसाठी आहे हे वाचावे, आणि परवान्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ‘की’, लपवणारी पट्टी खरवडलेली नाही याची दुकानातच खात्री करावी. केवळ व्हॉट्सॲपवर ‘की’ पाठवणारे विक्रेते टाळावेत. पहिल्या वर्षी अर्ध्या किमतीत दिलेला परवाना दुसऱ्या वर्षी पूर्ण किमतीत आपोआप नूतनीकृत होतो, म्हणून कार्ड किंवा यूपीआय वापरताना स्वयंचलित नूतनीकरणाची खूण काढून टाकावी. ती राहून गेली तरी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये.

‘टोटल’ किंवा ‘अल्टिमेट’ अशा नावांच्या महाग संचांत व्हीपीएन, ट्यूनअप आणि पासवर्ड सांभाळणारी साधने जोडलेली असतात. त्यांतले बहुतेक घरांना लागत नाही, आणि मुलांवर देखरेखीची सोय हवी असेल तर मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी बऱ्याच अंशी मोफत आहे. वाचलेले पैसे फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क घेण्यात घालावेत. ती प्रत करून झाली की डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवावी, कारण जोडून ठेवलेली डिस्कही खंडणीखोर विषाणू कुलूपबंद करतो.

फायरवॉल : आपण कोणत्या तारेला जोडलेले आहोत

अँटिव्हायरस यंत्रात आलेल्या फाइल्स तपासतो. फायरवॉल त्याआधीचे काम करते. जाळ्यावरून कोण आपल्या संगणकाशी बोलू शकतो, हे ती ठरवते. विंडोजची फायरवॉल मूळ स्थितीत दोन नियम पाळते. बाहेरून कोणी आपण न मागता जोडणी करू पाहिली तर ती नाकारायची, आणि आपल्या यंत्रातून बाहेर जाणारी जोडणी मात्र जाऊ द्यायची. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा त्याचे उत्तर आत येते, कारण विचारणा आपण केलेली असते.

ती किती कडक वागावी हे जोडणीच्या ‘पब्लिक’ (अनोळखी जाळे, कडक पहारा) आणि ‘प्रायव्हेट’ (विश्वासाचे जाळे, सैल पहारा) या दोन प्रकारांवर अवलंबून असते, आणि येथे मुंबईतल्या जोडण्यांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. बऱ्याच जुन्या इमारतींत आणि चाळींत इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून येते. गच्चीवर किंवा जिन्याखाली एक स्विच बसवलेला असतो आणि तिथून निघालेली नेटवर्कची तार खिडकीच्या गजांमधून थेट घरात येते. ही तार राउटरमध्ये न जाता सरळ संगणकात खोचलेली असेल, आणि केबलवाल्याने घराघरांच्या जोडण्या एकमेकांपासून वेगळ्या केलेल्या नसतील, तर आपला संगणक आणि मजल्यावरच्या इतरांचे संगणक एकाच जाळ्यात बसलेले असतात. अशा जोडणीत ‘प्रायव्हेट’ निवडून फोल्डर शेअर केलेले असतील, तर शेजाऱ्याच्या यंत्रातला विषाणू आपल्यापर्यंत पोहोचायला इंटरनेटचीही गरज नसते; वॉनाक्राय आणि नॉटपेट्या याच रीतीने पसरले होते. म्हणून अशा घरांनी सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ मध्ये जाऊन चालू जोडणीचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवावा, आणि जमेल तितक्या लवकर साधा राउटर घेऊन तार त्यात घालावी. माझ्या मते असा राउटर अँटिव्हायरसच्या परवान्यापेक्षा अधिक उपयोगी खरेदी आहे.

ज्यांच्याकडे फायबरची जोडणी आणि राउटर आहे, त्यांना वाटते की राउटर आहे म्हणजे संगणकाची फायरवॉल बंद केली तरी चालेल. तसे नाही. राउटर बाहेरून येणाऱ्यांना अडवतो, पण घरातल्या वायफायवर पाहुण्याचा फोन, स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट टीव्ही अशी अनेक उपकरणे असतात, आणि त्यांतल्या एखाद्याला लागण झाली तर त्याच्यापासून संगणकाला वाचवणारी त्याची स्वतःची फायरवॉलच असते. घरात प्रिंटर किंवा फाइल्स शेअर करायच्या असतील तरच घरच्या वायफायला ‘प्रायव्हेट’ ठेवावे. बाहेर, म्हणजे स्टेशनवर, कॉफीच्या दुकानात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये, नेहमी ‘पब्लिक’ असावे. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय सुरू झाले, तेव्हापासून लॅपटॉप अनोळखी जाळ्याला जोडणे ही अंगवळणी पडलेली गोष्ट झाली आहे. अशा ठिकाणी विंडोज सिक्युरिटीच्या फायरवॉल विभागात ‘पब्लिक नेटवर्क’ उघडून आत येणाऱ्या सर्व जोडण्या अडवण्याच्या चौकटीवर खूण केली तर आणखी चांगले. ब्राउझिंगला त्याने काहीही बाधा येत नाही.

एखादा नवा कार्यक्रम सुरू करताना फायरवॉल कधीकधी खिडकी उघडून परवानगी विचारते. कार्यक्रम चालणार नाही या भीतीने बहुतेक लोक ‘अलाऊ’ दाबतात. वास्तविक हा प्रश्न बाहेरच्यांना त्या कार्यक्रमाशी आपणहून जोडणी करू द्यायची का, एवढाच असतो. ‘कॅन्सल’ दाबले तरी बहुतेक कार्यक्रम बाहेर जाऊन आपले काम करतात, म्हणून प्रश्न नीट कळला नसेल तर ‘कॅन्सल’ दाबावे. पुढे खरोखर अडले तर परवानगी नंतरही देता येते. वेगळी फायरवॉल विकत घेण्याची शिफारस मी घरासाठी करत नाही. ती प्रत्येक बाहेर जाणाऱ्या जोडणीबद्दल विचारते, आणि शंभर वेळा विचारले गेल्यावर माणूस न वाचता होकार देऊ लागतो.

राउटर स्वतः मात्र दुर्लक्षित राहतो. जोडणी द्यायला आलेला तंत्रज्ञ घाईत असतो. तो वायफायचा पासवर्ड म्हणून घरच्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक टाकून देतो आणि राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवतो. हे दोन्ही पासवर्ड बदलावेत. राउटरच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर त्याच्या पानाचा पत्ता दिलेला असतो, तो ब्राउझरमध्ये टाकून आत जावे, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवावा, बाहेरून राउटर हाताळण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ ही सोय आणि पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी, आणि फर्मवेअरचे, म्हणजे राउटरमधल्या अंगभूत कार्यक्रमाचे, नवे अपडेट असेल तर घ्यावे. कॅमेरे आणि टीव्ही यांना ‘गेस्ट नेटवर्क’ वर ठेवता आले तर जरूर ठेवावे.

झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह

आपल्याकडे विषाणू घरात येण्याचा अजूनही एक नेहमीचा मार्ग पेन ड्राइव्ह हा आहे. महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर असंख्य पेन ड्राइव्ह एकाच संगणकात जातात, आणि तिथून आणलेला ड्राइव्ह घरी उघडला की प्रकल्पाच्या फोल्डरऐवजी त्याच नावाचा, कोपऱ्यात छोटा बाण असलेला शॉर्टकट दिसतो. मूळ फाइल्स पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारली की फोल्डरही उघडते आणि त्याचबरोबर विषाणूही सुरू होतो, त्यामुळे काही बिघडले आहे हे लक्षातच येत नाही. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावताच आपोआप कार्यक्रम सुरू होणे बंद झाले असल्याने विषाणूला आता आपल्या टिचकीची गरज लागते, आणि तिथेच त्याला रोखता येते. बाहेरून आलेला ड्राइव्ह लावल्यावर त्याच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून आधी डिफेंडरने स्कॅन करावा. बाण दिसला तर त्याला हात न लावता ‘व्ह्यू’ मधून लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगावे. छपाईपुरतेच काम असेल तर पेन ड्राइव्ह न नेता फाइल पीडीएफ करून दुकानाच्या ईमेलवर पाठवणे सर्वांत सुरक्षित.

अँटिव्हायरसला न दिसणारे

फसवणुकीचा एक मोठा भाग असा आहे की त्यात विषाणू नसतोच. वीजबिल थकल्याचे, केवायसी संपल्याचे किंवा पोलिसांकडून बोलत असल्याचे सांगून समोरचा माणूस एनीडेस्कसारखे दूरवरून संगणक चालवण्याचे साधन उतरवायला लावतो. हे साधन वैध असल्याने बहुतेक अँटिव्हायरस त्याला अडवत नाहीत, आणि परवानगी आपणच दिलेली असल्याने फायरवॉलही अडवत नाही. ब्राउझरमध्ये अचानक मोठा आवाज करत “तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, या क्रमांकावर फोन करा” असा संदेश आला तर तोही खोटा समजावा. खरा अँटिव्हायरस असा फोन क्रमांक पुढे करत नाही. ते पान बंद करावे, आणि असे संदेश वारंवार येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची परवानगी दिली आहे ती यादी उघडून अनोळखी नावे काढून टाकावीत. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटरऐवजी साधे खाते वापरले, तर काहीही बसवण्यापूर्वी वेगळा पासवर्ड मागितला जातो. घरातल्या ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी हा एक उपाय कोणत्याही खरेदीपेक्षा अधिक वेळा उपयोगी पडतो, कारण पासवर्ड ज्याच्याजवळ आहे त्याला विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही.

लागण झालीच तर

शंका येताच आधी वायफाय बंद करावे किंवा नेटवर्कची तार काढावी. नंतर विंडोज सिक्युरिटीच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’ मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवडावा. यंत्र पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे एरवी लपून बसणारे विषाणूही सापडू शकतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर देशी कंपन्यांची सफाईची साधने मोफत मिळतात, तीही वापरावीत. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे ते त्या यंत्रावरून बदलू नयेत. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. खात्यातून पैसे गेले असतील तर सफाईत वेळ न घालवता लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार त्यानंतर नोंदवावी, आणि ती होईपर्यंत संशयित संदेश, क्रमांक किंवा स्क्रीनवरची चित्रे पुसू नयेत.